बोके गोल पाहिजेत

"माणसाच्या आयुष्यात खरा प्रश्न एकच! काय स्पष्ट दिसावं आणि काय धूसर राहावं. ज्याला हे उमगलं त्याला कला उमगली, संसार उमगला, परमार्थसुद्धा उमगला."

बसवराज आप्पांनी हे वचन संध्याकाळी गॅलरीत उभं राहून, उजवा हात जरा वर करून उच्चारलं. गळ्यात नवा डिजिटल कॅमेरा होता. समोर श्रोता म्हणून विजापूर रस्ता होता आणि तो नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवत होता.

आतून श्रीदेवीबाई म्हणाल्या, "आधी चष्मा पुसा तुमचा. दुपारी मी पीठ चाळताना मधेच येऊन उभारला होता, तेव्हापासून तसाच आहे."

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घालायचं विसरून तसेच उभे राहिले. विसरून असं आपलं म्हणायचं. खरं तर ही त्यांची रोजची चोरी होती. चष्मा काढला की रस्त्यावरचे दिवे वितळायचे. रिक्षांचे दिवे तांबड्या बत्ताशांसारखे फुगायचे, औषधाच्या दुकानाची हिरवी खूण शेवंतीएवढी व्हायची आणि पाणीपुरीच्या गाड्यावरचा साधा बल्ब थेट पौर्णिमेला जाऊन बसायचा. उभी नोकरी आप्पांनी बँकेत सह्या पडताळण्यात घालवली होती. एखाद्याच्या सहीतली वेलांटी एवढीशी आखडली तरी चेक परत. अशा माणसाला निवृत्तीनंतर धूसरपणाचा नाद लागावा यात नवल नाही. जन्मभर शेंगाचटणी खाल्लेला माणूसही शेवटी दूधभातावर येतोच.

पण कॅमेरा काही नादापायी आला नव्हता. त्यामागं दिवाळीतली एक दुपार होती. घरातले जुने अल्बम निघाले होते. त्यात श्रीदेवीबाई होत्या, पण कशा? एका फोटोत त्या अर्ध्या, उरलेल्या अर्ध्यावर व्याही उभे. एकात हातात ताट आणि तोंडावर वाफ. बाकी सगळ्यांत डोळे मिटलेले. फोटोग्राफरनं "रेडी" म्हटलं की श्रीदेवीबाईंच्या पापण्या खाली यायच्या, जशी मारुतीरायासमोर काहींची आपोआप मान लवते. अल्बम मिटून त्या सहज म्हणाल्या, "माझा एकटीचा, डोळे उघडे असलेला फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात मी फरार आरोपी दिसते." आणि हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांच्या आत कुठंतरी एक चेक परत आला होता.

फोटो काढायचा आणि येत्या गड्ड्यात काढायचा, हे त्यांनी तिथंच ठरवलं. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची जत्रा. लग्नानंतरच्या पहिल्याच गड्ड्यात, गर्दीत धक्का लागून आप्पांचा चष्मा पडला होता. क्षणात सगळी जत्रा वितळली. पाळणे, दुकानं, माणसं सगळं जाऊन नुसते प्रकाशाचे गोळे उरले आणि त्या गोळ्यांपुढून पिवळ्या पातळातली श्रीदेवी अलगद चालली होती. जमिनीला पाय लागतायत की नाही कळत नव्हतं. ते दृश्य आप्पांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, श्रीदेवीबाईंनाही नाही. बँकेतला माणूस असल्या गोष्टी बोलत नाही. पण तेवढं एक दृश्य कागदावर आणायचं आणि ते श्रीदेवीबाईंच्या हातात द्यायचं, मग कॅमेरा माळ्यावर गेला तरी हरकत नव्हती.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती होती. तिच्यावर एक हिरवा चौकोन होता आणि पुढं इंग्रजी अक्षरं. हिरवा चौकोन म्हणजे कॅमेरा सगळं आपलं आपण ठरवणार. आप्पांना तो अपमान वाटला. त्यांनी चकती 'एम'वर नेली. एम म्हणजे मॅन्युअल, सगळं आपण ठरवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी श्रीदेवीबाईंचे जे फोटो काढले त्यात निम्मे अमावस्येचे होते, निम्मे वीज पडतानाचे. एकात केशरी रंगाचं काहीतरी भाकरी थापत होतं.

मग आयएसओ. हे नाव वाचून आप्पांना भरून आलं. त्यांच्या शाखेला एकदा आयएसओ प्रमाणपत्र मिळालं होतं, पेढे वाटले होते. तेव्हा आयएसओ जितका जास्त तितका माल उत्तम, या हिशेबानं त्यांनी तो आकडा पार टोकाला नेला. त्या फोटोंत श्रीदेवीबाईंच्या चेहऱ्यावर कुणीतरी शेंगाचटणी भुरभुरल्यासारखी दिसत होती.

"मला काय झालंय हो?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"तुला काही नाही. प्रमाणपत्र जास्त झालं," आप्पा म्हणाले.

छिद्राचा प्रकार तर सरळ माणसाच्या मुळावर येणारा होता. लेन्सला एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. ठीक. पण आकडा लहान केला की भोक मोठं होतं आणि आकडा मोठा केला की भोक लहान! सह्यांच्या टेबलावर अशी उलटी भाषा कुणी केली असती तर आप्पांनी त्याला मॅनेजरसमोर उभं केलं असतं. इथं मात्र निमूट आकडा लहान करत गेले. साडेतीनच्या खाली कॅमेरा उतरेना. मागचं सगळं होतं तसंच स्पष्ट राहिलं. श्रीदेवीबाईंच्या मागं वाळत घातलेल्या बनियनवरची कंपनीची चिठ्ठीसुद्धा वाचता येत होती.

शेवटी आप्पा हारूनभाईंच्या दुकानात गेले. हारूनभाईंनी आधी गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि मग त्याच्या मनात नसलेली वस्तू दाखवायची, अशी रीत ठेवली होती. त्यांनी हातभर लांबीची एक लेन्स काउंटरवर ठेवली. "आप्पा, इसमें हिप्परग्याच्या तळ्यातला बगळा पलक मारताना दिसतो."

"मला बगळा नको. बायको पाहिजे."

"मग ही दूर की चीज नक्को," हारूनभाई गंभीरपणे म्हणाले, "इसमें चांगलं वीस पाऊल मागं जावं लागतं." त्यांनी एक बुटकी लेन्स पुढं केली. लाडवाएवढी. "ये देखो, पन्नासची. भोक इसका एक पॉइंट आठ. इसमें झूम-बिम काही नाही, पायांनीच पुढं-मागं व्हायचं. लेकिन पीछे का सब पिघलता. दिव्यांचे ऐसे गोल-गोल होते ना, उनको क्या बोलते मालूम? बोके!"

"बोके?"

"हौ. जपानी बात है. जितके गोल, जितके मऊ, उतने चांगले बोके." आणि त्यांनी भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. कुणी अनोळखी मुलगी होती आणि तिच्यामागं वितळलेले दिवे तरंगत होते. आप्पांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. चित्रात काहीच फरक पडला नाही. जगात आपल्यासारखं बघणारं एक यंत्र आहे, हे पाहून त्यांचा चहा गार झाला.

लेन्स खिशात घेऊन ते तरंगतच सोसायटीचा जिना चढत होते. वरून मानसिंगराव येत होते. मानसिंगराव म्हणजे शेजारच्या दाराचे निवृत्त जमादार, मूळचे करमाळ्याकडचे. पोलिसातून सुटले तरी परोपकारातून निवृत्त व्हायला तयार नव्हते.

"काय आप्पा, लई खुशीत?"

"सापडलं, मानसिंगराव! गड्ड्यात हिचा फोटो काढायचाय, आणि मागं बोके पाहिजेत."

मानसिंगराव कठड्याला टेकले. तपासाची सवय. "बोके. बरं. किती लागतील?"

"जितके जास्त तितकं चांगलं. पण गोल पाहिजेत."

"गोल म्हंजे चांगलं खाल्ल्या-पिल्ल्यालं."

"आणि मऊ. कडा टोचता कामा नये."

"व्हय, नखं काढून घ्यावी लागत्याल. रंग?"

"पिवळे, तांबडे तर असतातच. निळे, हिरवे मिळाले तर बहार!"

मानसिंगराव जरा थांबले. "निळं?" मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "गड्ड्यात काय बी मिळतंय म्हणा. दिवसा का संध्याकाळी?"

"दिवसा नीट येत नाहीत. अंधारून आलं की आपोआप येतात."

"ते तर समद्यास्नी ठाऊक हाय. वहिनींच्या किती जवळ?"

"छे छे, जवळ नकोत. लांब असले म्हणजे चांगले फुगतात."

"तुमी काळजीच सोडा," मानसिंगराव म्हणाले आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. आपल्याला इतकं नेमकं समजून घेणारा माणूस शेजारी असताना आपण उगाच जगाला अरसिक म्हणतो, असं वाटून आप्पांना दोन पायऱ्या गहिवरून आलं.

गड्ड्याआधी सराव म्हणून आप्पांनी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या बागेत तिपाई उभी केली. पाण्यात संध्याकाळ उतरत होती, पलीकडचे दिवे नुकते लागत होते आणि देवळाचं शिखर पाण्यात उलटं होऊन हळूहळू हलत होतं. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"मोबाईलनं किती बी काढा," रखवालदार म्हणाला. "तीन पायाचं उभं केलं की शूटिंग झालं. शूटिंगला हापिसातनं परवानगी लागते."

आप्पा नियमाचे माणूस. दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात हजर. खिडकीमागचे साहेब मान खाली घालून विचारत गेले.

"चित्रीकरणाचा विषय?"

"पत्नी."

"कलाकाराचं नाव?"

"श्रीदेवी."

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. आप्पांकडं नीट बघून पुन्हा खाली घातली. "पार्श्वभूमीला काय राहील?"

"बोके."

"मग पशुवैद्यकाचा दाखला जोडा. प्राण्यांना त्रास होणार नाही असा."

"अहो, प्राणी नाहीत. उजेडाचे गोळे असतात, त्यांना बोके म्हणतात. जपानी बोके."

"परदेशी जनावर असेल तर आमच्याकडं होत नाही," साहेब म्हणाले, "त्याला पुण्याला जावं लागेल."

आप्पा बाहेर आले. ऊन छान कोवळं होतं. समोरच्या भिंतीवर एक मांजर अंग चाटत बसलं होतं. त्याच्याकडं बघता बघता आप्पांना जिन्यावरचं बोलणं एकेक वाक्यानं आठवू लागलं. खाल्ल्या-पिल्ल्यालं. नखं. निळं? आप्पा भर रस्त्यात थांबले. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथं देण्यासारखं नाही.

घरी पोचले तर दारात खालच्या मजल्यावरच्या ईरम्मक्का उभ्या. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं राग आला की अर्धा कानडीत यायचा. त्यांच्या दुधाच्या पातेल्याचं आणि सोसायटीतल्या मांजरांचं जुनं वैर होतं.

"अय्यय्यो, आप्पा! शहाणं माणूस म्हणून तुमच्याकडं बघत होते मी. तुम्ही बेक्कू आणणार बिल्डिंगीत? तेबी बोके? मानसिंगराव जेऊरला गेलेत म्हणं, बहिणीकडं. डालगं घेऊन गेलेत की!"

"ईरम्मक्का, बसा. गैरसमज झालाय. फोटोत मागं जे दिवे पुसट दिसतात ना, गोल गोल, त्यांना बोके म्हणतात."

ईरम्मक्कांनी श्रीदेवीबाईंकडं पाहिलं. "उजेडाला बोके कोण म्हणतंय, श्रीदेवी?"

"जपानी लोक म्हणतात म्हणे," श्रीदेवीबाई भाजी निवडत म्हणाल्या.

"तसं असंल तर मी येते गड्ड्याला. बघते, उजेड हाय का शेपटीचं हाय."

मानसिंगरावांचा फोन लागत नव्हता. जेऊरमध्ये निळा बोका मिळणं शक्य नाही, तेव्हा ते हात हलवत परत येतील, असं म्हणून आप्पांनी मनाची समजूत घातली. जाताना त्यांनी श्रीदेवीबाईंना एवढंच सांगितलं, "पिवळं पातळ नेस, ते पूर्वीचं."

"माझ्याकडं पिवळं कधी होतं? मला पिवळं शोभतच नाही," असं म्हणून त्या हिरवी इरकल नेसून आल्या. बायकांना स्वतःच्या साड्या लक्षात राहत नाहीत, असं आप्पा मनात म्हणाले. असं म्हणणारा सोलापूर जिल्ह्यातला तो पहिलाच पुरुष असावा.

गड्ड्यात कुणी परवानगी विचारत नव्हतं. हवेत तळणीचा आणि धुळीचा वास होता, थंडी नुकती चावू लागली होती. मोठा पाळणा दिव्यांची माळ अंगावर घेऊन संथपणे फिरत होता. वर गेलेली माणसं किंचाळत होती, पण खाली येईपर्यंत त्या किंकाळ्यांचंसुद्धा गाणं होत होतं. आप्पांनी श्रीदेवीबाईंना पाळण्याकडं पाठ करून उभं केलं. लाडवाएवढी लेन्स लावली. चकती एमवर. आकडा एक पॉइंट आठ. आयएसओ बेताचा, पेढ्यांचा मोह टाळून. डोळा लावला आणि ते थबकले. होतं. सगळं तिथंच होतं. तो वितळलेला उजेड, ते तरंगणारे गोळे, इतकी वर्षं जपलेलं ते सगळं या चौकटीत वाट बघत उभं होतं. फक्त पिवळं पातळ तेवढं हिरवं झालं होतं.

श्रीदेवीबाईंनी मात्र कॅमेरा पाहिला आणि पापण्या खाली आल्या.

"मी रेडी म्हणणार नाही," आप्पा म्हणाले, "तू फक्त बोलत राहा."

"काय बोलू?"

"मग मीच बोलतो." आणि ज्या माणसानं जन्मभर फक्त आकडे बोलून दाखवले त्यानं, भर जत्रेत, कॅमेऱ्याच्या आड तोंड लपवून, ईरम्मक्का ऐकतायत याची पर्वा न करता ते सांगितलं. चष्मा पडलेला. दिवे वितळलेले. आणि त्यांच्यापुढून पिवळ्या पातळात अलगद चाललेली ती.

श्रीदेवीबाईंचे डोळे हळूहळू उघडले. चांगलेच उघडले.

"अहो, ती मी नव्हते!"

"म्हणजे?"

"मी खाली वाकून भज्यांच्या गाड्यापाशी तुमचा चष्मा हुडकत होते! वर बघते तर तुम्ही कुणा परक्या बाईच्या मागं चाललेले. 'अगं हळू, अगं हळू' म्हणत! तिचा नवरा बाह्या सारायला लागला होता, मी पळत येऊन तुमचा हात धरला म्हणून वाचलात."

ईरम्मक्का तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या. श्रीदेवीबाईंना हसू फुटलं. आधी ओठांतल्या ओठांत, मग खांद्यांतून, मग सगळ्या इरकलीतून. आप्पा कॅमेरा धरून नुसते उभे. इतक्या वर्षांचं स्वप्न, आणि त्यातली बाई दुसऱ्याची. सह्या पडताळणाऱ्या माणसानं आयुष्यातला सगळ्यात मोठा चेक न बघता पास केला होता.

"आप्पा!" गर्दीतून आरोळी आली. "आणलेत! निळा न्हाय गावला, पण गोल हाईत! निस्तं लोणी खाल्ल्यालं!"

मानसिंगराव डोक्यावर डालगं घेऊन, घाम पुसत, विजयी चेहऱ्यानं येत होते. आप्पा "उघडू नका!" म्हणेपर्यंत त्यांनी उकिडवं बसून डालगं खाली टेकवलं होतं आणि झाकण उचललं होतं. आतून दोन जेऊरकर बोके बाहेर आले. एक सरळ मानसिंगरावांच्या मांडीवर चढला आणि तिथंच राहिला. दुसऱ्यानं पाळण्याचा आवाज ऐकला, चहूकडं पाहिलं आणि आसरा म्हणून त्या अख्ख्या जत्रेतून आप्पांची छाती निवडली. कॅमेऱ्याला मिठी मारली. आप्पांनी कॅमेरा वाचवायला घट्ट धरला आणि कुठंतरी बोट दाबलं गेलं.

खट्ट.

सगळं शांत झाल्यावर चौघं भज्यांच्या गाड्याशेजारी बाकावर बसले. गाडा तोच नसेल, पण श्रीदेवीबाई म्हणाल्या तोच. दुसरा बोका ईरम्मक्कांच्या चादरीत गुंडाळून पडला होता. "थंडी हाय की. जीव हाय त्याला बी," असं त्या कुणी विचारलं नसतानाच सांगत होत्या आणि भज्याचा मऊ तुकडा त्याला भरवत होत्या. मानसिंगराव दिव्यांकडं एक डोळा मिटून बघत होते. "ह्यास्नी बोके म्हणत्यात व्हय? मग सरळ दिवं म्हणायचं की, आप्पा. बहिणीचे दोन चांगले बोके उगं पाव्हणे म्हणून आणले."

आप्पा हातातला कॅमेरा उलटसुलट करत होते. त्यांनी कॅमेऱ्याच्या डोक्याकडं पाहिलं. चकती एमवर नव्हती. पंजा लागून ती गुपचूप हिरव्या चौकोनावर जाऊन बसली होती. म्हणजे जे काही झालं असेल ते कॅमेऱ्यानं आणि बोक्यानं मिळून केलेलं. आप्पांनी चकती अंगठ्यानं झाकली आणि फोटो उघडला.

फोटोत श्रीदेवीबाई एकट्या होत्या. हातात ताट नव्हतं, शेजारी व्याही नव्हते. मान जराशी मागं गेलेली, डोळे सताड उघडे, आणि आयुष्यभराचं हसू एकदम तोंडावर आलेलं. मागं पाळणा नव्हता, जत्रा नव्हती. होते फक्त पिवळे, तांबडे, हिरवे आणि चक्क दोन निळे गोळे, मऊ कडांचे, हवेत तरंगणारे. खालच्या कोपऱ्यात एका कानाची काळी सावली आली होती. पण ती पाहायची म्हटली तरच दिसत होती.

पिवळ्या पातळाची आप्पांना आठवणसुद्धा झाली नाही.

त्यांनी कॅमेरा श्रीदेवीबाईंच्या हातात दिला. त्या बघत राहिल्या. भजी गार झाली. पाळण्याची एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला. त्यांना आत्ता काही स्पष्ट बघायचं नव्हतं.

"ही मी?" श्रीदेवीबाई हळूच म्हणाल्या.

"तूच. या वेळी खात्री करून घेतली."

त्यांनी पदराच्या टोकानं काच पुसली. आणखी जवळ धरून पाहिलं. मग कॅमेरा परत देत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "लई छान आलाय हो. फक्त एवढं करा की. मागचे ते गोळे पुसून पाळणा तेवढा नीट दिसंल असं करून द्या. नाहीतर गड्ड्याला गेलो होतो हे धाकट्या जावेला पटायचं कसं?"